दोन मापांचा एक जोड

प्रमिलाताई गेल्याची बातमी मला कोल्हापुरात कळली. भाचीचा साखरपुडा होता, मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी होते आणि पिशवीतला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. आमच्या नेरूळच्या सोसायटीचा ग्रुप. एरवी तिथं पाण्याची टाकी धुणार, लिफ्ट बंद राहणार असलंच काहीबाही येतं, म्हणून मी लक्ष देत नाही. बाजूला जाऊन बघितलं तर ताईंचा फोटो, त्याला कुठून तरी आणून चिकटवलेला फुलांचा हार आणि खाली लिहिलेलं : 'बी विंगमधील ज्येष्ठ रहिवासी प्रमिलाताई यांचे आज झोपेत निधन झाले. गेले काही महिने त्या विस्मरणाच्या आजाराने ग्रस्त होत्या. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मध्येच कोणीतरी चुकून वाढदिवसाचा केक टाकला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत घाईघाईनं पुसला गेला.

मला आधी रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर मला आधी राग आला... 'विस्मरणाच्या आजाराने ग्रस्त'! बी विंगमधल्या कुठल्या मुलाला बारशाला कुठल्या रंगाचं टोपडं दिलं होतं, हे त्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सांगणारी बाई ही. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. राग उतरलेला नाही, उलट वाढलाय, कारण मधल्या काळात मला सगळं कळलं. प्रमिलाताई काहीही विसरल्या नव्हत्या. त्या विसरायला लागल्यात असं आम्ही ठरवलं, ते एका लहान मुलीच्या मोज्यांवरून ठरवलं आणि त्या ठरवण्यात मीही होते. ग्रुपवर जे छापून गेलं ते खोडायला माझ्याकडे दुसरी जागा नाही, म्हणून इथे लिहायला बसले आहे.

ताई मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान वाशीच्या बाजारात माल तोलायचं काम करायचे, ते लवकर गेले. एकुलता एक मुलगा संदीप, तो शिकला, महाप्याला चांगल्या कंपनीत लागला, आणि ताई पोटासाठी चालवलेल्या शिवणाच्या मशीनवरून उठून विणायच्या सुया घेऊन बसल्या त्या कायमच्या. विणकाम त्या आईकडून नव्हे, वडिलांकडून शिकल्या होत्या. वडील फौजेत. बर्फाच्या मुलखात असताना मोजा फाटला तर कुणाची वाट बघायची, म्हणून ते स्वतःच विणायला शिकले आणि सुट्टीवर घरी आले की ओट्यावर बसून चार सुयांवर गोल मोजे विणायचे. गावातली माणसं हसायची. 'हसू देत की. पाय कुनाचं गार पडत्यात? त्यांचं का माजं?' असं ते म्हणायचे म्हणे. ताईंच्या बोलण्यातला फटकारा तिथूनच आला असणार.

आता नव्या मुंबईत लोकरीचे मोजे कोण घालतो, हा प्रश्न आम्ही सगळ्याच जणींनी त्यांना विचारून झाला होता. इथं जानेवारीतसुद्धा पंखा चालू असतो. स्वेटर घालायचा तर ऑफिसातल्या एसीत, नाहीतर मुलं परदेशी निघाली की. ताईंना त्याचं काही नव्हतं. मी सत्तावीस वर्षांपूर्वी पोटुशी असताना त्यांच्या समोरच्या घरात राहायला आले. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, रजा पडलेली, हाताला काम नाही. त्यांनी मला बोलावून सुया हातात दिल्या. दोन महिने राबून मी जांभळे मोजे विणले, आपले आपणच कौतुकानं बघत बसले आणि त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी वरून बघितलंच नाही. मोजा आतून बाहेर उलटा केला, डोळे मिटले आणि स्वतःच्या गालावरून फिरवला.

'ह्ये लेकराच्या पायात घालायचं व्हय गं? बोटापाशी आत बग, वरवंटा ठिवलायस नुस्ता.'

बोटांपाशी मोजा बंद करताना मी टाके सरळ शिवून टाकले होते, त्याची आत एक कड आली होती. ताई तसं करत नसत. शेवटचे टाके त्या दोन सुयांवर समोरासमोर घ्यायच्या आणि तिसऱ्या सुईनं एकात एक असे ओवायच्या की शिवण कुठं आहे ते सापडायचं नाही. टाचेचंही तसंच. टाच वळवली की कोपऱ्यात एक बारीकसं भोक राहतं, माझ्या प्रत्येक मोज्याला राहिलं, आजही राहतं. ताई तिथं एक जादा टाका उचलून पुढच्या ओळीत गुपचूप जिरवून टाकायच्या. 'आतून कोण बघतंय, ताई?' मी वैतागून विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, 'आतनं पाय बगतोय की.' मी तेव्हा हसले आणि ते जांभळे मोजे तसेच मुलीच्या पायात घातले. तिला बोलता येत नव्हतं म्हणून मी सुटले.

गेल्या वर्षी हे सगळं सुरू झालं ते दुधापासून. ताईंच्या हातून गॅसवर दूध राहिलं, भांडं काळं झालं, शेजारी वास गेला. माझ्या हातून असं महिन्यातून दोनदा होतं, पण मी चौसष्टची आणि त्या सत्त्याहत्तरच्या. संदीप वाईट मुलगा नाही, हे आधी लिहून ठेवते. आईची काळजी करणारा आहे. पण या मुलांना काळजी वाटली की ती माणसाला विचारत नाहीत, फोनला विचारतात. फोननं त्याला दहा लक्षणं दिली आणि तो आईमध्ये ती शोधायला लागला. पुढच्याच महिन्यात त्याला कपाटात मोज्यांचा एक जोड सापडला. छोटा, दोनेक वर्षांच्या मुलाचा, पांढऱ्या सुती दोऱ्याचा. तो माझ्याकडे घेऊन आला आणि टेबलावर दोन्ही मोजे शेजारी-शेजारी ठेवले.

'काकू, तुम्ही विणता म्हणून विचारतो. हे बघा. एक एवढा, एक एवढा.'

खरंच होतं. डावा मोजा लांबीला बोटभर कमी, रुंदीलाही बारीक. शिवाय लोकर सोडून सुती दोरा, ज्याला ताई आयुष्यभर नाक मुरडत आल्या होत्या. ज्या बाईचे दोन मोजे एकावर एक ठेवले तर एक झाकून जायचा, तिच्या हातून हे? मी म्हटलं, 'आईंना विचारलंस का?' तो म्हणाला, 'विचारलं. म्हणते, तसाच हाय तो. आणि विणायला बसली.' आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी समोरच्या दारात राहते. दोन पावलं टाकून, ताई, हा असा का विणलात, एवढं विचारायला मला काय झालं होतं? विचारलं नाही. कारण त्यांना वाईट वाटेल! आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण त्याच्याशी बोलणंच बंद करतो आणि त्याला माया म्हणतो.

मग ती दुपार आली. ताई भजनाला जाते म्हणून निघाल्या आणि चार तास आल्याच नाहीत. भजनवाल्या बायका म्हणाल्या, त्या आल्याच नव्हत्या. संदीप ऑफिस टाकून धावत आला, वॉचमन एकीकडे, मी एकीकडे, सगळं सेक्टर पालथं घातलं. संध्याकाळी ताई रिक्षातून शांतपणे उतरल्या, साडीला धूळ, चेहरा उन्हानं लाल. कुठं होतात, तर म्हणाल्या, 'काम होतं.' कसलं काम, तर हातपाय धुवायला गेल्या. झालं, शिक्का बसला. त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, एकटीनं गेटबाहेर जायचं नाही असं ठरलं. आणि संदीपनं एक कार्ड करून आणलं, शाळेतल्या मुलांच्या गळ्यात असतं तसं, प्लास्टिकच्या पाकिटातलं. 'मला रस्ता सापडत नसल्यास कृपया या नंबरवर फोन करावा.' सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईच्या गळ्यात! ताईंनी पहिल्या दिवशी ते वाचलं, चष्मा काढला, आणि कार्ड ब्लाउजच्या आत सरकवलं. मी तिथेच होते. ते काढून ठेवा, असं म्हटलं नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी ताईंनी मला हाक मारली. संदीप ऑफिसात होता. त्यांनी कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं एक पाकीट माझ्या हातात दिलं.

'नीलिमे, एक काम करतीस? उद्या सकाळी गेटवर मनीषा नावाची बाई यील. तिला एवडं दे. मला खाली सोडत न्हाईत, तुला म्हाईतच हाय.'

'कोण मनीषा, ताई?'

'हाय एक. म्या तिला शब्द दिलाय, म्हनून सांगत न्हाई. तू इचारू नगंस.'

मी विचारलं नाही. त्याऐवजी घरी जाऊन पाकीट उघडलं. आत पुन्हा तसाच जोड होता, पांढरा सुती, उजवा नीट आणि डावा लहान. मला भरून आलं. बिचाऱ्या ताई, कुणाला तरी भेट द्यायला निघाल्यात आणि असा बेंगरूळ जोड... ती कोण मनीषा आहे ती हसेल, चार जणांत सांगेल. मग मी जे केलं त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. डावा मोजा पार उसवला, माझ्याकडचा पांढरा दोरा त्याला जोडला, उजव्याचे टाके मोजून तेवढेच घातले आणि जेवणखाण सोडून संध्याकाळपर्यंत नवा मोजा विणून काढला. अगदी उजव्याएवढा. बोटांपाशी घाई झाली, म्हणून सरळ शिवून टाकला. पाकीट पुन्हा तसंच बांधलं आणि सकाळी गेटवर आलेल्या एका तिशीतल्या बाईच्या हातात दिलं. ती कामाला जायच्या गडबडीत होती. 'आजी बऱ्या हायेत ना?' एवढंच तिनं विचारलं.

ताईंना मी शेवटचं भेटले ते कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, हात रिकामे. मला समोर बसवून घेतलं. मग म्हणाल्या, 'नीलिमे, त्ये पाकीट तू मनीषाला तसंच दिलंस न्हवं?'

'हो ताई, तसंच दिलं.'

'उघडलं न्हवतंस?'

'छे हो.'

'मंजी माजाच हात गेला म्हनायचा...'

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, 'होतं ताई या वयात. मनाला लावून घेऊ नका.' त्यांनी हात काढून घेतला. मला वाटलं, त्यांना लाज वाटली. मी घरी येऊन बॅग भरली.

त्यानंतर पाचव्या दिवशी तो मेसेज आला. मी परत आले ते त्यांच्या दहाव्याला. तेराव्याला घरात माणसं होती, संदीपनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ते गळ्यातलं कार्ड दाखवलं. पाकिटात कार्डाच्या मागे घडी घालून ठेवलेला एक कागद निघाला होता. त्यावर पेन्सिलीनं दोन लहान पावलं काढलेली, पाय कागदावर ठेवून भोवतीनं रेघ ओढतात तशी. 'शेवटी शेवटी लहान मुलासारखी चित्रं काढायची बघा,' संदीप म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. मी कागद हातात घेतला. पावलांच्या आत आकडे होते. उजव्यात चाळीस, डाव्यात छत्तीस, आणि टाचेच्या, घोट्याच्या जागी आणखी काही. ताईंचं अक्षर, रेघ जरासुद्धा थरथरलेली नाही. हे टाके आहेत, हे मला कळलं. पण डाव्यात चार कमी का, ते तरीही कळलं नाही.

त्याच दुपारी मनीषा आली. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी होती, डाव्या पायाला प्लास्टर. (मनीषा हे नाव मी दिलेलं आहे आणि मुलीला इथे चिऊ म्हणते. 'लिवा मावशी, पण नाव नका घालू, आणि पोरीचं तर अजिबात नको,' असं सांगूनच तिनं मला लिहू दिलं.) तिला आत जायला संकोच वाटत होता, म्हणून मी तिला माझ्या घरी बसवलं. तिनं पिशवीतून एक पांढरा मोजा काढून माझ्यापुढे धरला. त्याच्या टाचेच्या कोपऱ्यात एक बारीकसं भोक होतं.

मनीषा दिघ्याला राहते, एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आहे. चिऊचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलून ते सरळ आणलं आणि मग सरळ राहावं म्हणून दांडीचे बूट दिले. दोन बूट आणि मध्ये एक आडवी दांडी. चार वर्षांची होईपर्यंत झोपताना रोज घालायचे. बूट सुटले की पाऊल पुन्हा आत वळतं, मग परत प्लास्टर, कधी ऑपरेशन. आणि बूट सुटतात ते मोज्यांमुळे, हे मला मनीषाकडून कळलं. बाजारातल्या मोज्यांना आत शिवण असते, ती घासते, फोड येतो, मूल रडून रडून घर डोक्यावर घेतं आणि आईला राहवत नाही, ती बूट काढते. शिवाय वळलेलं पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान आणि बारीक असतं. बूटसुद्धा दोन मापांचे मिळतात. एकाच मापाचा मोजा त्या पायाला मोठा होतो, बुटात त्याची चुणी पडते आणि तिथंही फोड.

ताई गुडघा दाखवायला गेल्या असताना हॉस्पिटलच्या बाकावर मनीषा चिऊचा रक्ताळलेला मोजा सोडवत बसली होती. ताईंनी तो हातात घेतला, उलटा केला, गालावरून फिरवला आणि म्हणाल्या, 'ह्यो मोजा हाय का शिक्षा?' पुढच्या वेळी नवा जोड घेऊन आल्या. लोकरीत पाय घामेजतो म्हणून सुती दोऱ्याचा. चिऊनं चार महिने बूट घातले, एक फोड आला नाही. पाय वाढला, म्हणून ताई एकदा दिघ्याला जाऊन माप घेऊन आल्या. त्या चार तासांच्या दुपारी. आम्ही सेक्टर पालथं घालत होतो आणि त्या मनीषाच्या खोलीत जमिनीवर बसून चिऊच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवत होत्या.

मग घरी सांगितलं का नाही? मनीषानं शब्द घेतला होता म्हणून. गावी सासरी पाय बरा झाला असंच सांगितलंय, मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कोणी तोंड उघडलं तर... मनीषा हे सांगताना रडली. ती म्हणाली, 'आजींना मी बोलले पन होते, तुमच्या घरी सांगा आजी, मला चालेल. तर म्हनल्या, ज्याला माजा हात कळत न्हाई त्याला माजं बोलनं काय कळनार.' हा ताईंचा ताठा. तो होताच, तो लपवून मी त्यांना देवी करणार नाही. एक वाक्य बोलल्या असत्या तर गळ्यातलं कार्ड उतरलं असतं. पण का बोलायचं त्यांनी? आयुष्यभराच्या कामाची साक्ष मोज्यागणिक द्यायची का माणसानं?

'मग तो तुमी दिलेला जोड आला,' मनीषा म्हणाली. 'डावा मोठा. घातला तसा दोन दिवसांत टाचेला आन् बोटांना फोड. मी बूट काढले. फोड भरेपर्यंत पंधरा दिवस गेले, पाय वळायला लागला, डॉक्टर मला वाट्टेल तसं बोलले. आता परत प्लास्टर घातलंय तीन आठवड्यांसाठी. फोड आले तेवाच मी आजींना फोन केला होता, मोजा घेऊन गेटवर आले. साहेब ऑफिसला होते, आजी कशाबशा खाली आल्या. आजींनी मोजा बघितला. म्हनल्या, ही टाच माजी न्हाई.'

'मग?' मी विचारलं.

'मग म्हनल्या, ही टाच कुनाची हाय त्ये मला म्हाईत हाय. ती सांगंल मला. आन् माज्याकडून दोरा घेऊन वर गेल्या. तीन दिवसांत नवा करून दिला.'

ती सांगेल मला... म्हणजे त्या दिवशी खिडकीपाशी त्या मला विचारत नव्हत्या. त्यांना माहीत होतं. मला एक संधी देत होत्या, मग दुसरी, मग तिसरी. आणि मी तिन्ही वेळा त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, वर त्यांचीच समजूत घातली. हात गेला म्हणायचा, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी 'नाही' म्हणायला हवं होतं. त्यांनी हात काढून घेतला तो लाजेनं नव्हे. रागानं घेतला, आणि बरोबरच केलं.

मी मनीषाला सगळं सांगितलं. तिनं चिऊला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझं सांत्वन वगैरे काही केलं नाही. एकच विचारलं, 'पन तुमी पाकीट उघडलंच का, मावशी?'

संदीपला त्याच आठवड्यात सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, 'पण काकू, डॉक्टरांनीच गोळ्या दिल्या ना.' मी म्हटलं, 'डॉक्टरांना तू काय सांगितलंस? मोजे लहानमोठे विणते आणि हरवते, हेच ना? मग ते दुसरं काय देणार?' मग मी म्हटलं, ग्रुपवर लिही, माझ्या आईला विस्मरणाचा आजार नव्हता म्हणून. मनीषाचं नाव घेऊ नकोस, एवढंच लिही. त्यावर तो म्हणाला, 'जाऊ दे ना काकू, आता कुणाला काय फरक पडतो.' हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ज्याला फरक पडतो तो माणूस खोलीत नसतो. आठ दिवसांनी तो स्वतःहून माझ्याकडे आला. तेराव्याला माझ्याकडेच राहिलेला आईचा तो पावलांचा कागद त्याला हवा होता. मी म्हटलं, मला तो विणायला लागतो. शेवटी त्यानंच त्याची झेरॉक्स काढून आणली, मूळ कागद स्वतःकडे ठेवला आणि जाताना दारात थांबून म्हणाला, 'चाळीस-छत्तीस म्हणजे टाके, होय ना?' ग्रुपवर मात्र त्यानं अजून काही लिहिलेलं नाही.

चिऊचं प्लास्टर निघालं, पुन्हा बूट सुरू झाले. मोजे मी विणीन, असं मी मनीषाला म्हटलं तेव्हा ती आधी 'नको' म्हणाली. तिचं काय चुकलं? मग मी एकच मोजा विणून दाखवते, आवडला नाही तर सोडून दे, अशी विनवणी केली. बोटांपाशी तीनदा उसवलं. टाचेचं भोक बुजवायला जादा टाका कुठून उचलायचा, ते माझ्याकडचे ताईंच्या हातचे जुने मोजे भिंगाखाली धरून शोधून काढलं. सत्तावीस वर्षं त्या शेजारी बसल्या होत्या, तेव्हा शिकायचा कंटाळा आला होता. मनीषानं तो मोजा उलटा केला, बोटानं आतून चाचपला, आणि म्हणाली, 'बरा हाय. आजींचा जास्त मऊ होता.' मला ते मान्य आहे.

परवा दुपारी सोसायटीच्या बागेत बाकावर बसून मी चिऊचा पुढचा जोड संपवत होते. उजवा बेचाळीस, डावा अडतीस. ए विंगमधली एक बाई, ग्रुपवरचे निधनाचे मेसेज तीच लिहिते, शेजारणीबरोबर फेऱ्या मारत होती. थांबली, दोन्ही मोजे कौतुकानं उचलले, शेजारी-शेजारी धरले.

'अय्या काकू, हा एक लहान झालाय बघा.'

'झाला नाही,' मी म्हटलं. 'केलाय.'

'हो हो काकू, बरोबर आहे,' ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि तिनं शेजारणीकडे बघितलं. ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. मी सुया मांडीवर ठेवल्या, तिचं मनगट धरून तिला बाकावर खाली बसवलं आणि म्हटलं, 'हो हो नको. कशासाठी केलाय, ते मला विचार.'